डाव्या खांद्यावरचे दोरे

१

"विष दिलंय याला. तेवढं लिहून द्या, बाकीचं मी बघतो."

टेबलावर टॉवेलनं झाकलेला एक प्लास्टिकचा टब आपटून तो माणूस उभा राहिला. फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट. तलासरीच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात सकाळी साडेनऊला दोन शेळ्या आणि पाय मोडलेला एक कोंबडा एवढीच गर्दी होती. मी रविंद्र, इथला व्रणोपचारक. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि बैल लाथ मारणार असेल तर डॉक्टरांच्या पुढे उभं राहायचं. बैलाला मी भीत नाही. टॉवेल बाजूला झाला तेव्हा मात्र मी दोन पावलं मागे सरकलो.

आत सरडा होता. हातभर लांब, विटेच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी. मान टाकून पडला होता आणि त्याच्या पायांची बोटं थरथरत होती.

"बियर्डेड ड्रॅगन आहे," तो माणूस म्हणाला. "तांबड्या. दहा महिन्यांचा. लेकरासारखा वाढवलाय."

त्याचं नाव नविन मर्दे. धाकट्या डहाणूचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. मला त्याची दया आली, पण ती फार वेळ टिकली नाही.

आमच्या डॉक्टर दक्षा राऊत यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सरड्याचा खालचा जबडा अंगठ्यानं हलकेच दाबला. तो रबरासारखा वाकला. मग त्यांनी मागचा पाय चाचपला.

"हा फांदीवर चढायचा कधी बंद झाला?"

"चार दिवसांपासून मान टाकलीय."

"मी चढायचं विचारलं."

नविन अडखळला. "दिवाळीनंतर जरा आळशी झालाय. पण मॅडम, हे विषच आहे! माझ्याकडे पुरावा आहे."

त्यानं खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. त्यांच्या घरी रखमी नावाची बाई कामाला होती, तलासरीकडच्या एका पाड्यावरची. सकाळी मासळीच्या वाळवणावर राखण करायची आणि दुपारी नविनच्या सरड्यांना खायला घालायची. काल संध्याकाळी तिच्या ओच्यातून ही डबी पडली. आत नाकतोडे. शेजारच्या चिकूवाडीत रविवारीच औषधाची फवारणी झाली होती.

"विचारलं तर तोंड उघडत नाही. औषध मारलेले नाकतोडे चारले तिनं माझ्या तांबड्याला. काल बंदरावर सगळ्यांसमोर सांगितलं मी. तिच्या पाड्याच्या अकरा बायका आहेत आमच्या गावात वाळवणाला. सगळे म्हणतात, असली माणसं नकोत. उद्या सकाळी सगळ्या घरी जाणार. आणि मी पोलिसांत जाणार."

मॅडमनी डबी उघडली. एक नाकतोडा उडून थेट माझ्या शर्टावर बसला. मी ओरडलो असं नंतर त्या सगळ्यांना सांगत असत. मी फक्त आवाज केला होता.

मॅडम मात्र त्या नाकतोड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तांबड्याच्या तोंडात पांढऱ्या औषधाचे चार थेंब सोडले.

"लिहून देते," त्या म्हणाल्या. "पण घर बघितल्याशिवाय नाही. रविंद्रभाऊ, शेळ्या आटपा. आपल्याला डहाणूला जायचंय."

२

वाटेत डहाणू स्टेशनजवळ एका ओळखीच्या एक्सरेवाल्याकडे मॅडमनी गाडी थांबवली. माणसांच्या यंत्रावर सरडा ठेवताना त्या एक्सरेवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फिल्म उजेडाकडे धरून मॅडमनी एकदा बघितली आणि पाकिटात घातली. काय दिसलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारून उपयोग होत नाही हे मला अकरा वर्षांत कळलं होतं.

मर्द्यांचं घर खाडीच्या कडेला होतं. दारासमोर वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. वास असा की पोटात भूक आणि डोक्यात कळ एकदमच उठावी. आणि मांजरं तर जिकडे बघावं तिकडे.

आतल्या खोलीत शेजारी शेजारी दोन काचेच्या पेट्या होत्या. एक तांबड्याची, रिकामी. दुसरीत राखाडी रंगाची, अंगानं जरा लहान अशी एक मादी फांदीच्या टोकावर ताठ बसली होती. आम्हाला बघून तिनं दाढी फुगवली. मी पुन्हा मागे सरकलो.

"ही भुरी," नविन म्हणाला. "एकाच आठवड्यात जन्मलेली दोघं."

त्यानं सगळं दाखवलं आणि दाखवताना त्याचा आवाज बदलला. काहीही म्हणा, माणूस जीव लावून पाळत होता. ऊब द्यायला पेटीत बल्ब, दोन टोकांना दोन थर्मामीटर. शेवग्याचा कोवळा पाला रोज धुऊन. रातकिडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. पेटीच्या वर सरड्यांसाठी मुद्दाम मागवलेली खास ट्यूब, दिवाळीला नवी बसवलेली. दोघांना एकच खाणं, एकाच वेळी, एकाच बाईच्या हातानं.

"मग विष एकालाच कसं लागलं?" मी विचारलं.

"तांबड्या किमती आहे, विकणाऱ्यानंच परत विकत मागितला होता. भुरीला मारून कोणाला काय मिळणार?"

मॅडमनी भुरीला उचललं, उलटं केलं, तिची नखं बघितली. आखूड, झिजलेली नखं, आणि त्यांच्या खाचांत बारीक वाळू. मग टबातल्या तांबड्याची नखं बघितली. लांब, वाकडी आणि स्वच्छ.

नविनची आई, जयश्रीकाकी, चहा घेऊन आल्या. "डॉक्टरीनबाय, मी सांगते, घरात सरडा पाळतात काय कोन? पण पोरगा ऐकत नाय. त्याच्यापायी मांजरांशी रोज मारामारी."

"मांजरं आत येतात?"

"येतात म्हंजे! पेट्यांवर आधी जाळी होती. खाऱ्या वाऱ्यानं गंजून गेली. नवरात्रात एका बोक्यानं जाळी फाडून पंजा आत घातला. मग नविननं काच आनून बसवली. ती जुनी जाळी बघा, मी तिच्यावर जवळा वाळवते."

मॅडम उठल्या. पेट्यांच्या वरच्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं. काच लख्ख पुसलेली होती. काचेच्या वर ट्यूब, काचेच्या खाली सरडे, आणि हवेसाठी कडेला बोटभर फट. त्यांचा चेहरा उजळला, अगदी गाईचं वासरू सरळ बाहेर आल्यावर उजळतो तसा.

"काच दोन्ही पेट्यांवर बसवलीत?"

"हो," नविन म्हणाला. "दोन्ही एकाच दिवशी."

भुरी फांदीवरून टुणकन उडी मारून खाली आली. तिच्याकडे बघता बघता मॅडमचा उजळलेला चेहरा पुन्हा मावळला.

"मग माझं सगळंच चुकलं," त्या पुटपुटल्या आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेल्या.

३

ओट्यावर एक माणूस अंड्यांचे ट्रे भरलेला खोका घेऊन बसला होता. खोक्यातून रातकिड्यांची किरकिर येत होती. हा मुकेश. अच्छाडला एका ढाब्यामागे त्याचं पक्ष्यांचं आणि माशांचं छोटं दुकान. नविनला दोन्ही सरडे त्यानंच आणून दिले होते, आणि दर आठवड्याला किडेही तोच द्यायचा.

"मॅडम, माझ्या मालामध्ये काय पण खोट नाय," त्यानं आम्ही विचारायच्या आधीच सुरुवात केली. "घरचे किडे हाय, गाजर खाऊन वाढलेले. एकच खोका, दोघांना सरखा. माझ्या मालात विष असतं तर भुरी जगली असती काय?"

"तांबड्या परत विकत मागितलात म्हणे तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

मुकेशनं घाम पुसला. "वापीचा एक गिऱ्हाईक होता. नविनभाईनं ना बोलली, मी सोडून दिलं. आता मेलेला सरडा कोन घेणार मॅडम? मला तर तो जिवंत पायजे!"

हे मला पटलं. बदमाश असता तरी बदमाशाचं हित तांबड्या जगण्यातच होतं.

"आणि भुरी?"

"भुरी तर मी तशीच दिली. रंग नाय, वजन नाय, कोन घेते? जोडीला घेऊन जा बोललो. नविनभाईचा जीव तांबड्यावर. पयला सरडा पण मीच दिलेला, त्याला तर घार घेऊन गेली, ह्याच ओट्यावरून, नविनभाईच्या नजरेसमोर. तवापासून सरडा उंबऱ्याबाहेर काढायचा नाय. कोनी काढला तर त्याच दिवशी कामावरून छुट्टी. रखमीला पयल्याच दिवशी दम भरलेला."

मॅडम एकदम थांबल्या. "उंबऱ्याबाहेर काढायचा नाही?"

"बिलकुल नाय."

त्यांनी आपल्या पर्समधून बडीशेप काढली आणि चघळायला लागल्या. बडीशेप निघाली म्हणजे डोकं चालू झालं, एवढं मला माहीत होतं.

"रविंद्रभाऊ, त्या रखमीला भेटूया. उद्या सकाळी ती गेली, तर या कोड्याचं उत्तरही तिच्याबरोबर एसटीत बसून जाईल."

४

वाळवणापलीकडे पाड्याच्या बायका गाठोडी बांधत होत्या. त्यातली जिवली नावाची एक म्हातारी आम्हाला बघताच उठली.

"आमी काय केला बाय? हंगाम अजून तीन महिने हाय. आता घरी जाऊन आमी काय काम करनार? एकीचं नाव घेतला न् अकरा जनींना काढला!"

मान खाली घालून आम्ही पुढे गेलो.

रखमी वलांड्यांच्या मधोमध एका उपड्या टोपलीवर बसली होती. पंचविशीची, किडकिडीत, हातात लांब काठी. आळ आला होता, काम गेलं होतं, तरी शेवटच्या दिवसाची राखण ती चुकवत नव्हती. एक घार खाली झेपावली तशी तिनं बसल्या जागेवरून काठी फिरवली. घार वळून खाडीकडे गेली.

"रोज इथंच बसतेस?" मॅडमनी विचारलं.

"सकाळी. ऊन डोक्यावर येई तवर."

"डबीतले नाकतोडे कुठून आणलेस?"

"त्या बांधावरून. चिकूवाडीतले नाय."

"कशाला?"

रखमीनं काठी वाळूत टेकवली.

"सरड्याला घालायला?"

मान हलली. हो.

"तांबड्याला?"

"नाय! त्याला एक पन नाय दिला. आईची आन."

"मग भुरीला? पेटीत तर तिला रातकिडे मिळतात. बाहेरचे नाकतोडे कशाला?"

रखमीनं ओठ घट्ट मिटले. मॅडमनी अजून दोनदा विचारलं. ती खाडीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आला. स्वतःबरोबर दहा जणींचं काम बुडत असताना ही बाई गप्प का बसते, ते मला कळेना.

परतताना मी तसं म्हणालोही. "मॅडम, काहीतरी लपवतेय ती."

"लपवतेच आहे. तिचा डावा खांदा बघितलात?"

"लुगड्याचे दोरे निघालेत. जुनं लुगडं असेल, झिजलं असेल."

"झिजलं असतं तर दोन्ही खांद्यांवर झिजलं असतं. हे दोरे ओढले गेलेत, बारीक बारीक, पाच पाचच्या ओळींत, आणि फक्त डावीकडे." त्यांनी बडीशेपेची आणखी एक चिमूट तोंडात टाकली. "काठी कोणत्या हातात होती?"

"उजव्या."

"सगळ्यांना ओटीवर बोलवा. आणि भुरीला मी स्वतः घेऊन येते."

५

ओटीवर नविन, काकी आणि मुकेश बसले. रखमी दाराशी उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

मॅडमनी पाकिटातून एक्सरे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. सरड्याचा सांगाडा दिसत होता, पण इतका पुसट, की पाटीवरचं अक्षर ओल्या फडक्यानं पुसावं तसा. मागचा एक पाय धनुष्यासारखा वाकला होता.

"विषानं हाडं अशी होत नाहीत. विष तासाभरात नाहीतर दिवसाभरात काम करतं. हाडं मऊ व्हायला महिने लागतात. तांबड्या चार दिवसांपूर्वी आजारी पडलेला नाही, नविनभाऊ. दिवाळीनंतर तो 'आळशी' झाला ना, तेव्हाच पडला. आणि तुमच्या पुराव्याबद्दल म्हणाल, तर औषध मारलेला नाकतोडा दुसऱ्या दिवशी उडी मारून रविंद्रभाऊंच्या छातीवर बसत नाही."

मुकेश हसला. मी हसलो नाही.

"पण कॅल्शियम तर मी रोज देतो!" नविन म्हणाला.

"देता. ते हाडापर्यंत पोचत नाही. उन्हात एक भाग असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो अंगावर पडला तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात उतरतं. तुमची ती खास ट्यूब तोच भाग देते. म्हणून ती महाग. पण साधी काच उजेड आत सोडते आणि नेमका तो भाग अडवते. जाळी होती तोवर ट्यूब काम करत होती. नवरात्रात काच बसली. पेटी लख्ख दिसत राहिली आणि तांबड्या अंधारात वाढत राहिला."

काच कोणी बसवली हे सगळ्यांनाच माहीत होतं. नविनचा हात आपोआप गुडघ्यावरून सरकून खाली गेला. ज्याला तो विषारी हात म्हणत फिरत होता, तो त्याचाच निघाला होता, तोही प्रेमापोटी. मला त्याची पुन्हा दया आली.

"पण मग भुरी?" त्यानं कसंबसं विचारलं. "तिच्यावरही काच आहे. तेच खाणं, तीच ट्यूब. ती कशी धडधाकट?"

"तिथंच माझी गाडी अडली होती. भुरीला ऊन कुठून मिळालं? पेटीत तर नाही. पण तिची नखं झिजलेली, खाचांत वाळू. पेटीत वाळू नाही, कागद आहे."

मॅडमनी मांडीवरचा टॉवेल उघडला आणि भुरीला जमिनीवर सोडलं. मी पाय वर घेतले. भुरीनं मान उचलून एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग ती टुणटुण चालत निघाली. नविनच्या पायापाशी थांबली नाही. काकींच्या नाही. थेट दाराशी गेली, रखमीच्या लुगड्याला धरून कमरेपर्यंत चढली, पाठीवरून वर गेली आणि डाव्या खांद्यावर जाऊन बसली. डोळे मिटले.

रखमी रडायला लागली.

"कधीपासून नेतेस हिला?" मॅडमनी हळू विचारलं.

"काच लागली तवापासून. रोज सकाळी. खाली उतरत नाय मग, नाकतोडा दाखवावा लागतो." तिनं पदरानं नाक पुसलं. "आमच्याकडं सरडा सकाळी धोंड्यावर चढून बसतो. उगाच बसतो काय? मी पयल्या दिशी शेटला बोलली, याला ऊन दाव. शेट हसला. बोलला, उंबऱ्याबाहेर नेलास तर काम गेला. तांबड्याला हात लावायची माझी छाती नाय झाली. भुरीकडं कोन बघतो? तिला नेली. बोलली असती तरी काम गेला असता, नाय बोलली तरी गेला."

"घारीनं उचलली असती तर!" नविनच्या तोंडून निघून गेलं.

"नविनभाऊ," मॅडम म्हणाल्या, "अख्ख्या धाकट्या डहाणूत घारी हाकलायचं काम जिचं आहे, तिच्याच खांद्यावर बसली होती ती. याहून सुरक्षित जागा तुमच्या पेटीतही नाही."

६

नविन उठला आणि आत गेला. दोन्ही काचा काढून त्यानं अंगणात आणून ठेवल्या. मग दाराशी येऊन उभा राहिला.

"रखमे, चुकलं माझं. उद्यापासून ये. आणि तांबड्यालाही..." त्यानं टबातल्या तांबड्याकडे हात केला.

रखमीनं भुरीला खांद्यावरून उतरवलं नाही. "हितं घरात बोलून काय, शेट? वाईट बोलला तो बंदरावर बोलला. चांगला पन बंदरावर बोल. त्या दहा जनींनी गाठोडी बांधलीत."

जयश्रीकाकी मुलाकडे बघून म्हणाल्या, "जा. मी पन येते."

संध्याकाळी बोटी लागल्या तेव्हा आम्ही तिथं होतो. नविन मर्दे जाळी सोडवणाऱ्या माणसांमध्ये जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला की विष कोणी दिलं नव्हतं, चूक त्याची होती, आणि ज्या बाईला त्यानं बदनाम केलं तिनंच एक जनावर वाचवलं होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बोटीचा म्हातारा तांडेल, म्हणजे नाखवा, तेवढं म्हणाला, "मग त्या बायांना सांगा की गाठोडी सोडायला." मागे उभ्या असलेल्या जिवलीनं खाली बसून स्वतःच पहिली गाठ सोडली.

मॅडमनी प्रमाणपत्राच्या कागदावर औषध लिहून दिलं. कॅल्शियम इतकं, पेटीवर न गंजणारी स्टीलची जाळी, रोज सकाळचं ऊन, जवळ सावली, आणि बाहेरचे किडे बंद. वाचेल, म्हणाल्या, पण मागचा पाय वाकडाच राहील. नविननं तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

मे महिन्याच्या शेवटी तलासरीच्या बाजारात मला रखमी दिसली. हंगाम संपवून पाड्यावर परतली होती, सुकं बोंबील विकत बसली होती. मी तांबड्याची चौकशी केली.

"लंगडतो. पन चढतो." तिनं माझ्या पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले आणि मान वाकडी करून खांदा चोळला. "लय जड झालाय मेला. दुखतो खांदा."

मी बघितलं. लुगडं नवं होतं, हिरवं. आणि आता दोरे उजव्या खांद्यावरही निघाले होते.